पाचव्यांदा ‘हो’: एका घरातल्या रोजच्या भांडणाचं प्रकरण

आईने मनगटावरचा ओरखडा दाखवला आणि मग बोलायला सुरुवात केली. आदल्या शुक्रवारी संध्याकाळी ती थोरल्याच्या हातून टॅब ओढून घेत होती. त्याने टीव्हीचा रिमोट भिरकावला आणि तो तिला लागला. मुलगा नऊ वर्षांचा. शाळेतून मारामारीची एकही तक्रार नाही. “असा नव्हता हो तो,” ती म्हणाली. वडील आतापर्यंत गप्प होते. ते म्हणाले, “व्यसन लागलंय त्याला. ते कसं सोडवायचं तेवढं सांगा.”

घरात चौघं: आई, वडील, हा थोरला आणि चार वर्षांची धाकटी. नावांची गरज नाही, थोरला आणि धाकटी एवढं पुरे.

‘व्यसन’ हा शब्द माझ्या समुपदेशनाच्या खोलीत दर आठवड्याला कुणीतरी घेऊन येतं, आणि दर वेळी मी तो बाजूला ठेवायला सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ हे निदान आहे, अकराव्या आवृत्तीत, जी जानेवारी २०२२पासून लागू झाली. पण त्याच्या अटी कडक आहेत. खेळावरचा ताबा सुटलेला हवा, आयुष्यातल्या इतर गोष्टींपेक्षा खेळ वरचढ झालेला हवा, नुकसान दिसत असूनही तो चालूच राहायला हवा, आणि हे सगळं साधारण १२ महिने टिकलेलं हवं. या मुलाला खालून मित्रांची हाक आली की तो टॅब गादीवर टाकून पळत सुटतो, हे आईनेच बोलता बोलता सांगितलं. तेव्हा व्यसन नाही. भांडण मात्र होतं, रोज होतं, आणि आता हातघाईवर आलं होतं.

वडिलांना उपाय त्याच दिवशी हवा होता. मी दिली वही.

सात दिवस, चार रकाने

सांगितलं एवढंच: आठवडाभर काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. स्क्रीन किती वाजता हातात आली, कुणी दिली, त्यावर काय चाललं होतं आणि ते कसं संपलं. आणि हो, जेवताना मोठ्यांनी फोन उचलला तर तोही लिहायचा. या शेवटच्या वाक्यावर वडील खुर्चीत थोडे सरकले.

आठवड्याने वही आली. शाळेच्या दिवशी थोरल्याचे सरासरी २ तास ४० मिनिटं, रविवारी ५ तास. पालक माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, आता या बाई काय म्हणतात म्हणून. खरं तर तो आकडा मी दोनदा वाचलाही नाही. वाचला तो चौथा रकाना, आणि त्यातलं बुधवारचं पान अजून आठवतं. ६.१० ला टॅब दिला, कारण आईची ऑनलाइन मीटिंग सुरू झाली. ६.४५ ला “ठेव आता”, उत्तर “पाच मिनिटं”. ६.५५ ला पुन्हा “ठेव”, उत्तर “मॅच चालू आहे”. ७.०५ ला मीटिंग म्यूट करून ओरडा आणि रडारड. ७.१० ला “नाही म्हणजे नाही”, आता धाकटीही रडायला लागलेली. त्यापुढे घाईच्या अक्षरात: “७.१५. दिला परत. मीटिंग बाकी होती.”

सातपैकी चार संध्याकाळी टॅब असा ‘नाही’ म्हटल्यानंतर परत मिळाला होता. उरलेल्या तीन दिवशी वडील घरी लवकर आले होते.

मग मुलाला एकट्याला भेटले. रिमोटचा विषय काढलाच नाही, घरात टॅब कसा मिळतो तेवढं विचारलं. त्याने शास्त्रज्ञाच्या गांभीर्याने सांगितलं, “बाबा नाही म्हणाले तर नाही मिळत. आई चार-पाच वेळा नाही म्हणते, मग हो म्हणते. कधी कधी तिसऱ्यांदाच म्हणते.”

या वाक्यात सगळं प्रकरण आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचे कबुतरांवरचे प्रयोग मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला सगळेच वाचतात. चकतीवर ठरावीक वेळा चोच मारली की दाणा, असा नियम असेल तर कबुतर दाणा खाऊन थोडं विसावतं. पण दाणा कधी चौथ्या टोचीला, कधी विसाव्या, कधी सातव्या असा बेभरवशाचा येत असेल, तर ते थांबत नाही, आणि दाणा बंद केल्यावरही बराच वेळ टोचत राहतं. बक्षीस कधी मिळतं याच्या अशा वेळापत्रकांवर स्किनर आणि त्यांचे सहकारी फर्स्टर यांनी १९५७ साली जाडजूड ग्रंथ लिहिला. जुगाराची यंत्रं याच तत्त्वावर चालतात. गेममधली बक्षिसाची पेटी, ज्यात कधी काही निघत नाही आणि कधी घबाड लागतं, तीही त्यातलीच. पालकांना हे पटकन पटतं, कारण दोष गेमवर जातो. पण या घरात दुसरं यंत्र स्वयंपाकघराच्या दारात उभं होतं, थकलेलं, कानात मीटिंगचे इअरफोन घालून. ‘नाही’ हे उत्तर ‘अजून विचार’ असं वाजत होतं. मुलगा चिवट होता त्यात नवल नाही, त्या घरात चिवटपणाला पगार मिळत होता.

आईला हे सांगणं सोपं नव्हतं. ती गप्प झाली, मग म्हणाली, “म्हणजे मीच ओरडायला शिकवलं त्याला.” मी म्हटलं, तुम्हाला सहा ते आठ मीटिंग आहे आणि मदतीला कुणी नाही. त्या वेळात पाचव्यांदा ‘हो’ म्हणणारी आई वाईट नसते. पण पाचव्यांदा म्हणायचं असेल, तर ते पहिल्यांदाच म्हणा.

दीड मॅचचं गणित

पुढच्या भेटीत मुलाला म्हटलं, गेम मला समजावू नकोस, खेळून दाखव. समोर बसलेलं मलूल पोर क्षणात बदललं. बोटं चालायला लागली, आवाज चढला. चौघांची टीम, तिघं वर्गातलेच. एक मॅच साधारण २० मिनिटांची. मध्येच सोडली तर टीम हरते, आणि गेम शिक्षा म्हणून काही वेळ पुढच्या मॅचमध्ये घेत नाही. “दुसऱ्या दिवशी वर्गात मला पळपुटा म्हणतात,” तो स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला.

घरातला नियम होता अर्ध्या तासाचा.

२० मिनिटांची एक मॅच संपली की तो दुसरी सुरू करायचा, आणि दहा मिनिटांनी आई यायची. म्हणजे नियम पाळायचा तर रोज, न चुकता, दुसऱ्या मॅचच्या मध्यावर तीन मित्रांना तोंडघशी पाडून उठायचं. कुठल्याही मुलाने भांडावं असाच तो नियम होता. आईवडिलांनी तो प्रेमाने आणि विचार करून ठरवला होता, पण मॅच किती वेळाची असते हे दोघांपैकी एकानेही बघितलं नव्हतं. गेम बघायचा म्हणजे त्याला मान्यता द्यायची असं अनेक पालकांना वाटतं. मला वाटतं, ज्याच्याशी तह करायचा त्याचं राज्य आधी बघून यावं.

नियम बदलला: शाळेच्या दिवशी दोन मॅच. वेळ जवळपास १० मिनिटांनी वाढला. वडिलांना हा पराभव वाटला, आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

धाकटीची गोष्ट निराळी. तिचं कार्टून संपतच नव्हतं, कारण एक भाग संपायच्या आत पुढचा सुरू व्हायचा. आपोआप पुढचा व्हिडिओ लावायची ही सोय सेटिंगमध्ये बंद करता येते, आणि ती बंद केल्यावर दोन भागांनंतर पडदा स्वतःहून थांबायला लागला. इथे मला माझीही एक कबुली द्यायची आहे. ‘बंद करायच्या पाच मिनिटं आधी सूचना द्या’ हा सल्ला मी वर्षानुवर्षं सगळ्यांना दिला. २०१६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या घरांत हे तपासलं, तर ‘आता दोनच मिनिटं’ असं सांगितल्यावर मुलं जास्त वाईट वागत होती. कमी त्रास व्हायचा तो भाग आपला आपण संपल्यावर, किंवा स्क्रीन बंद होणं हा रोजच्या क्रमाचाच भाग असला तर. विचार केला तर पटतं. लहान मुलाला मिनिट कळत नाही. त्याला कळतं एवढंच की आई आता काहीतरी काढून घेणार आहे. धाकटीला सूचना देणं बंद केलं. दोन भाग, मग आंघोळ, रोज त्याच क्रमाने. चौथ्या दिवसापासून ती स्वतः टॉवेल घेऊन यायला लागली.

ज्याकडे कुणी बघत नव्हतं

वहीत आणखी एक गोष्ट होती, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी. रविवारी मुलगा ५ तास स्क्रीनसमोर होता, आठवड्यातले सर्वाधिक. त्याच रविवारी संध्याकाळी त्याने टॅब एका शब्दात परत दिला होता. तास आणि भांडण यांचा सरळ संबंध असता, तर रविवारी घर डोक्यावर घेतलं गेलं असतं. रविवारचं वेगळेपण एवढंच की त्या दिवशी तो सकाळी नऊपर्यंत झोपला होता.

शाळेच्या दिवशी टॅब त्याच्याबरोबर अंथरुणात जायचा. “अभ्यासाचं बघतोय” या नावाखाली तो पावणेअकरापर्यंत जागा, आणि सकाळी साडेसहाला उठवलेला. झोप पावणेआठ तास. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ९ ते १२ तास सांगितले आहेत. म्हणजे अगदी किमान धरली तरी दर रात्री सव्वा तासाची तूट, आणि शुक्रवारपर्यंत ती साठत जायची. रिमोट शुक्रवारीच उडाला होता.

किती तास योग्य, हा प्रश्न पालक पहिल्यांदा विचारतात, आणि मी त्याचं उत्तर शेवटी देते. पाच वर्षांखालच्यांसाठी आकडे स्पष्ट आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखाली स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून जास्त नको. धाकटीचे दोन भाग त्यात बसत होते. पण सहा वर्षांपुढच्यांसाठी अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१६ मध्ये तासांचा ठरावीक आकडा न देता म्हटलं की मर्यादा सातत्याने पाळा, आणि स्क्रीनने झोपेची, अंगमेहनतीच्या खेळाची जागा घेऊ देऊ नका. काहींना ही पळवाट वाटते. मला यातच खरा प्रश्न दिसतो: स्क्रीनने कुठल्या गोष्टीची जागा बळकावली? या घरात उत्तर वहीतच होतं. खेळ शाबूत होता, मित्र शाबूत होते. झोप गेली होती.

म्हणून क्रम असा लावला: पहिले दोन आठवडे फक्त झोप. रात्री साडेआठनंतर घरातली सगळी यंत्रं बाहेरच्या खोलीत, चपलांच्या कपाटावर चार्जिंगला. सगळी म्हणजे मोठ्यांचीही. वडील म्हणाले, माझा अलार्म मोबाइलवर असतो. मी म्हटलं, अलार्मचं घड्याळ अजून मिळतं. त्यांनी आणलं. या घड्याळाची पुढे कथा आहे.

बिघडलेले आठवडे

झोप आठवडाभरात सुधारली. मग ‘दोन मॅच आणि पहिल्याच शब्दाला खरं उत्तर’ हा नियम सुरू केला. आधीच बजावून ठेवलं होतं की आता आणखी बिघडेल. दाणा बंद झाला की कबुतर आधी जोरजोरात टोचतं, मग सोडतं. पहिल्या तीन संध्याकाळी आईच्या वहीत टिपण्या आहेत: “पंचवीस मिनिटं दाराशी”, “अठरा”, आणि तिसऱ्या दिवशी “चाळीस, मी बाथरूममध्ये जाऊन रडले”. त्या तिसऱ्या रात्री तिचा फोन आला. अशा वेळी माझ्याकडे द्यायला शहाणपण फारसं नसतं. चाळीस मिनिटांनंतर टॅब दिला असतात, तर त्याचा भाव आता चाळीस मिनिटं झाला असता, एवढं म्हटलं. तिने दिला नव्हता. पाचव्या दिवशी चार मिनिटांत मिटलं.

त्यानंतरची चूक माझी. सगळं रुळावर येतंय असं बघून मी गुणांचा तक्ता सुचवला: दहा पानं वाचली की पाच मिनिटं जास्त, अर्धा तास मैदानात घालवला की दहा मिनिटं. कागदावर देखणं होतं. आठवडाभरात मुलगा घरातला मुनीम झाला. “चित्रांचं पान अर्धं धरायचं की पूर्ण?” मैदानावरून तो अर्धा तास होताच घरी यायला लागला. आधी दीड तास खेळायचा! जे त्याला मुळात आवडत होतं, त्याचं मी चलन केलं होतं आणि स्क्रीनला तिजोरीत बसवलं होतं. दहाव्या दिवशी तक्ता फाडला. त्याला सांगितलं की कल्पना माझी होती आणि फसली. मोठ्या माणसाची कल्पना फसते याचा त्याला झालेला आनंद लपत नव्हता.

राहिली मीटिंगची वेळ. दोन मॅच संपायच्या पावणेसातला, मीटिंग आठपर्यंत. मधला सव्वा तास कशाने भरायचा म्हणून वडिलांनी तीन क्लासची माहिती काढून ठेवली होती. मी म्हटलं, सध्या रिकामाच ठेवा. पहिले काही दिवस मुलगा फरशीवर पालथा पडून “कंटाळा आला” एवढंच म्हणत होता, आईला ऐकू जाईल अशा बेताने. मग एका संध्याकाळी अलार्मचं घड्याळ गायब झालं. आई मीटिंग संपवून बाहेर आली तर ते वर्तमानपत्रावर सुटं पडलेलं होतं. धाकटी स्क्रू रंगाप्रमाणे लावत बसलेली, आणि तो चाकं मोजत होता. ते परत जोडायला त्याला नऊ दिवस लागले. आता ते चालतं, पण सेकंदकाटा नाही आणि रोज काही मिनिटं पुढे जातं. वडिलांना दुसरं घड्याळ आणावं लागलं, आणि त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. ही त्यांची या प्रकरणातली सगळ्यात मोठी मदत म्हणायला हरकत नाही.

तीन महिन्यांनी

थोरला आता साडेनऊ तास झोपतो. शाळेच्या दिवशी दोन मॅच. शेवटच्या आठवड्याच्या वहीत भांडण एकच, तेही धाकटीने टॅबवर पाणी सांडल्याचं. रविवारचे तास चारच्या आसपास आहेत. त्यांना मी हात लावलेला नाही, कारण त्या दिवशी बिघडत काहीच नाही.

एक गोष्ट सुटलेली नाही. इतरांच्या खेळाचे व्हिडिओ बघायची त्याला सवय आहे, आणि त्यात मॅचसारखा शेवट नसतो. आपोआप पुढे जाणं बंद केलं तरी तो पुढचा व्हिडिओ बोटाने लावतो. दोन व्हिडिओ ठरवले तर पंचेचाळीस मिनिटांचे दोन शोधून काढतो. यावर आम्ही तिघं-चौघं मिळून डोकं लावतो आहोत. शिवाय वर्गातल्या दोघांकडे स्वतःचा फोन आला आहे, त्यामुळे पुढचं प्रकरण दारात उभं आहेच.

मोठ्यांच्या फोनचा रकाना आईने दुसऱ्या आठवड्यातच बंद केला होता. लिहायला लाज वाटते, म्हणाली. शेवटच्या भेटीला वही माझ्या हातात आली तेव्हा तो रकाना पुन्हा सुरू झालेला दिसला, पेन्सिलीने, मोठ्या वाकड्या अक्षरात. शेवटची नोंद गुरुवारची होती: “बाबा. जेवताना. ठेव म्हणालो. पाच मिनिटं म्हणाला. परत म्हणालो. ठेवला.”